हरकत नाही, असं कोण म्हणालं?

समोरच्या घरी लग्न असतं, भोंगे लागलेले असतात आणि आपल्या घरात कुणीतरी आजारी असतं. अशा वेळी आपण काय करतो? खिडकी लावून घेतो, कानात कापूस कोंबतो आणि म्हणतो, जाऊ दे, एका दिवसाचा तर प्रश्न! मित्रहो, त्या गुरुवारी सकाळी रबाबसुद्धा असंच म्हणाली असती. पण तिला ते परवडणारं नव्हतं.

इजिप्तमधल्या कफ्र अन-नहल गावच्या नगर कार्यालयात परवान्यांच्या खिडकीपुढे ती उभी होती. छातीशी, शालीत गुंडाळलेला तमीम. दोन महिन्यांचा, पण सातव्या महिन्यातच जन्मलेला. विणलेली टोपी त्याच्या भुवयांवर घसरत होती आणि रबाब ती दर दोन मिनिटांनी एका बोटाने वर सारत होती.

खिडकीमागे मदाम इन्साफ बसल्या होत्या. गेली चोवीस वर्षं याच खुर्चीवर.

"मुअल्लिम फर्गलींच्या मुलीचं लग्न आहे आज. आमच्याच गल्लीत," रबाब म्हणाली. मुअल्लिम म्हणजे आपल्याकडचे शेठ.

"माहीत आहे. मलाही बोलावणं आहे. मग?"

"त्यांनी आठ भोंगे आणलेत, मदाम. दोन तर माझ्या गॅलरीसमोरच बांधलेत. नियम दोनचाच आहे ना?"

"नियम दोनचाच आहे. आठ लावले तर मोजायला कोण जाणार? तू?"

रबाबने शाल थोडी बाजूला केली. "याच्या पोटाला पट्टा बांधते मी, निजवताना. धर्मादाय दवाखान्याने यंत्र दिलंय. याचा श्वास मध्येच थांबतो. थांबला की यंत्र शिट्टी देतं. मग मी तळपायाला टिचकी मारते आणि हा पुन्हा श्वास घेतो. पण शिट्टी ऐकू तर आली पाहिजे ना! आज सकाळी पाव तास नुसते भोंगे तपासत होते. यंत्र माझ्यापासून चार पावलांवर वाजत होतं आणि मला पत्ताच नाही. लाल दिवा दिसला म्हणून धावले."

"मग आजचा दिवस बहिणीकडे जा."

"बहीण अस्वानला आहे. नवरा कुवेतला."

इन्साफबाईंनी फाईल उघडली. परवाना त्यांच्याच सहीचा होता. एका ओळीवर निळा शिक्का होता: 'शेजाऱ्यांची हरकत नाही.' रबाबने तो उलट्या बाजूने वाचला.

"मला तर कुणी विचारलंच नाही."

"कुणालाच विचारत नाहीत, बाळ. तो शिक्काच तसा आहे." मग त्या खिडकीतून पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला. "तुझ्या भल्याचं सांगते. घरात एकटी बाई तू. लग्नाला हरकत घेतलीस की गल्ली म्हणणार, हिला दुसऱ्याचं सुख बघवत नाही, हिचीच नजर लागली. उद्या नवरीला साधी शिंक आली तरी तुझ्या नावाने खडे फोडतील."

रांगेत मागे बयूमीकाका उभे होते. गाढवाच्या गाडीवर गॅसचे सिलिंडर घेऊन गावभर फिरणारे. गाडीचा परवाना बदलायला आले होते.

"मदाम, एक बोलू? मी तर पान्याने सिलिंडर बडवत फिरणारा माणूस. या गावातल्या गोंगाटाचा बापच म्हणा ना!"

रांग हसली.

"हसा, हसा. पण पूर्वी तीन ठोके मारले की चौथ्या मजल्यावरची बाई डोकवायची. आता तीस मारतो. बायका काय बहिऱ्या झाल्या? नाही! भंगारवाल्याने कर्णा आणला, भाजीवाल्याने त्याहून मोठा आणला, मग मीही जोर लावला. आता सगळे ओरडतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. नियम म्हणजे गावाचं तोंड बांधणं नव्हे, मदाम. एकाचं दुसऱ्याला ऐकू यावं म्हणून नियम असतो."

"काका, तुमचा नंबर आला की बोला."

"नंबर या पोराचा आहे."

इन्साफबाई चिडल्या. रबाबला म्हणाल्या, "अर्ज ठेवून जा. उद्या शुक्रवारची सुट्टी, शनिवारी बघते."

लग्न गुरुवारी होतं. रबाबने अर्ज ठेवला, टोपी वर सारली आणि ती निघाली. मुअल्लिम फर्गलींच्या उसाच्या रसाच्या दुकानावरून जाताना तिची पावलं अडखळली. आत जाऊन त्यांनाच सांगावं का? दुकानात बायका नवरीच्या नावाने हसतखिदळत होत्या. तिला मदामचं वाक्य आठवलं. ती पुढे गेली.

तिसऱ्या प्रहरची नमाज उरकली आणि गल्ली दोन्ही टोकांनी बंद झाली. लालनिळ्या कापडाचा मांडव, खुर्च्यांच्या रांगा, आणि विजेच्या खांबांवर आठ भोंगे. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा रबाबच्या स्वयंपाकघरातले पेले एकमेकांवर किणकिणले.

तिने ठरवलं, आज पलंगापासून हलायचं नाही. तमीमला निजवलं, पट्टा बांधला आणि यंत्राच्या दिव्याकडे बघत बसली. हिरवा. हिरवा. हिरवा. एक तास. दीड तास. डोळे दुखायला लागले. त्याची मूठ तिच्या करंगळीभोवती होती. मूठ कसली, शेंगदाण्याएवढी पकड! दूध उतू जाईल म्हणून ती गॅस बंद करायला उठली, फक्त तेवढ्यासाठी.

परत आली तर दिवा लाल होता.

तिने टिचकी मारली. तमीमने श्वास घेतला. पुन्हा थांबला. पुन्हा टिचकी. घेतला, थांबला. ओठांभोवती निळसर कड उमटली. तिने त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून हलके फुंकलं, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. छाती वर आली. आता याला रुग्णालयात न्यायलाच हवं! एका हाताने तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"हॅलो! माझं बाळ..."

पलीकडचं एक अक्षर कळेना. पलीकडच्याला बहुतेक गाणंच ऐकू जात असावं. फोन कटला. ती जिन्यात धावली, शेजारच्या दोन्ही दारांवर थापा मारल्या. कोण उघडणार? सगळी इमारत खाली मांडवात होती. बाळाला घेऊन तीन मजले उतरावं, तर उतरता उतरता श्वास थांबला तर? तिने त्याला पलंगावर ठेवलं, तोंडात हवा दिली, मग गॅलरीत धावली आणि जिवाच्या आकांताने किंचाळली.

"वाचवा! कुणीतरी वर या!"

आणि इथेच, मित्रहो, ती गोष्ट घडली, जी फक्त अशा गल्लीतच घडू शकते. इथे लग्नात बायका जीभ झरझर हलवत आनंदाची तीक्ष्ण किलकारी देतात. तिला झगरूता म्हणतात. ज्यांना खाली उतरता येत नाही त्या गॅलरीतूनच देतात. खालच्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई, तोंड उघडं, हात हलताहेत. आवाज कुणापर्यंत पोचलाच नव्हता.

"अगं, ही उम्म तमीम, तमीमची आई! बघा, बाळंतीणसुद्धा झगरूता देतेय!"

पन्नास बायकांनी एकदम उलट किलकारी दिली. मुअल्लिम फर्गलींनी काठी उंचावून सलाम केला. कुणीतरी तिच्या दिशेने मूठभर मीठ उधळलं, नजर लागू नये म्हणून. रबाब आत पळाली, बाळाला हवा दिली, पुन्हा बाहेर आली आणि पुन्हा किंचाळली. खालून आणखी मोठी किलकारी!

पुढच्या रांगेत लाल सरबताचा पेला घेऊन मदाम इन्साफ बसल्या होत्या. त्यांनीही वर पाहून झगरूता दिली होती. सकाळची कुरबूर विसरली वाटतं, म्हणून त्यांना बरंच वाटलं. दुसऱ्यांदा द्यायला त्यांनी हात वरच्या ओठाशी नेला, बायका नेतात तसा, आणि तो हात तिथेच थांबला.

झगरूता देणारी बाई ओठावर हात धरते. लहानपणापासून आई तेच शिकवते. जीभ दिसू नये! पण या बाईचे तर दोन्ही हात वर आहेत!

"गाणं बंद करा!" इन्साफबाई ओरडल्या. शेजारची हसून म्हणाली, "काय? नाचायचंय?" त्या खुर्च्या ढकलत डीजेवाल्या बुंदुककडे धावल्या. "बंद कर! वर पोर मरतंय!" बुंदुकने कानाला हात लावला आणि अंगठा दाखवला. त्याला वाटलं, बाई म्हणतेय आवाज वाढव. त्याने वाढवला!

मग त्या चोवीस वर्षांच्या सरकारी नोकर बाईने परवाना बघितला नाही की शिक्का शोधला नाही. खांबावरून आलेली जाड वायर दोन्ही हातांनी धरली आणि उपटली.

दिवे गेले. गाणं मेलं. क्षणभर नुसती धुळीची संध्याकाळ उरली, आणि मग शिव्या उठल्या.

"कोण ती जळकी बाई?"

"माझ्या पोरीच्या लग्नात?" फर्गली काठी घेऊन धावून आले. "मदाम, तुम्ही? तुम्हीच परवाना दिलात आणि तुम्हीच..."

"चूप!" इन्साफबाई म्हणाल्या. "ऐका!"

तिसऱ्या मजल्यावरून एक बारीक शिट्टी येत होती. टीं. टीं. टीं. आणि एका बाईचा फाटलेला आवाज, "तमीम, श्वास घे रे राजा, श्वास घे."

फर्गलींची काठी खाली आली. "मी तिला सलाम केला," ते पुटपुटले. "ती मदत मागत होती आणि मी सलाम केला!"

इन्साफबाई जिना चढत होत्या. मागून, लग्नालाच आलेले बयूमीकाका, दोन-दोन पायऱ्या गाळत. खाली फर्गली गरजले, "खुर्च्या उचला! मांडव फाडा, पण वाट करा! नवरीची गाडी आणा!" गाडी आली, वरपासून खालपर्यंत फुलं आणि रिबिनी. नवरी दुन्या व्यासपीठावरून धावत आली आणि पांढऱ्या झग्यानिशी ती फुलं ओरबाडायला लागली. "बाबा, ही फुलं काढा आधी! रस्त्यातले लोक वरात समजतील, आडवे येऊन हॉर्न वाजवत बसतील!"

फुलं धुळीत पडली. रबाब मागच्या सीटवर बसली, मांडीवर तमीम. शेजारी इन्साफबाई, त्याच्या तळपायावर बोट ठेवून. कालव्याकाठच्या रस्त्याने गाडी सुसाट निघाली.

"थांबला!" रबाब म्हणायची. इन्साफबाई टिचकी मारायच्या. "घेतला!"

अकरा वेळा. मदाम इन्साफ आयुष्यभर कागद मोजत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी श्वास मोजले.

तमीम वाचला. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठला होता, आणखी दहा मिनिटं गेली असती तर काही उपाय नव्हता.

शुक्रवारी दुपारी फर्गली रुग्णालयात आले, हातात नवीकोरी लहान दुलई. काचेपलीकडे तमीम झोपला होता.

"पोरी, काल सकाळी माझ्या दुकानात आली असतीस तर..."

"तर?" रबाबने विचारलं.

मुअल्लिमांना खोटं बोलता आलं असतं. "तर मी तुला हाकललं असतं," ते म्हणाले. "म्हटलं असतं, वर्षातून एकदा माझ्या घरी आनंद, आणि तुझ्या पोटात दुखतं."

"म्हणूनच नाही आले, मुअल्लिम."

तिने दुलई हातात घेतली.

मित्रहो, चमत्कार असा की 'हरकत' हा आपला शब्द मुळात याच लोकांच्या अरबीतला. आपल्याकडे त्याचा अर्थ आक्षेप. यांच्याकडे 'हरका' म्हणजे हालचाल. जिवंत माणसाची खूण! कागदावर 'हरकत नाही' छापताना आपण कुणाच्या तोंडावर हात ठेवतोय, हे मदाम इन्साफना चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. ते एका गॅलरीने शिकवलं.

शनिवारी खिडकीवर पहिलाच अर्ज आला तो एका ठेकेदाराचा. मुलाची सुंता, दहा भोंगे.

"दोन," मदाम म्हणाल्या. "तेही घरांकडे पाठ करून. आणि आधी शेजाऱ्यांना विचारायचं."

"विचारायचं? त्या ओळीवर शिक्का मारतात ना?"

"आता सह्या घेतात. प्रत्येक मजल्याच्या."

"मदाम, मी कोण आहे माहीत आहे ना? तुमच्या साहेबांबरोबर बसतो मी!"

बदलीची भीती कुणाला नसते? नोकरीची चार वर्षं उरली होती. तरीही इन्साफबाईंनी कागद परत सरकवला. "साहेबांना लेखी आदेश द्यायला सांगा. सहीच्या ओळीत माझं नाव खोडून त्यांचं लिहीन."

ठेकेदार तणतणत गेला. साहेबांनी काही लेखी दिलं नाही. असं लेखी कुणी देत नसतं! तासाभराने मदाम उठल्या, चपला घातल्या आणि ठेकेदाराच्या गल्लीत स्वतःच गेल्या. पहिल्या दारात एक वृद्ध शिक्षक होते.

"आजोबा, तुमच्या गल्लीत समारंभ आहे. भोंगे लागणार. तुमची काही हरकत?"

म्हातारा गोंधळला. "मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"मग... बायकोला रोज दुपारी झटके येतात हो. पण त्यांचा आनंद आहे, आम्ही कशाला मोडता घालू? लोक म्हणतील, नजर लावली."

"आनंद करू देत त्यांना. ढोलकी वाजवू देत, गाऊ देत, जेवू देत. तुम्ही फक्त वेळ सांगा, आजोबा. लिहून घेते."

त्यांनी वेळ सांगितली. मदामनी लिहून घेतली.

इतकंच तर करायचं असतं! आनंदाला परवाना लागत नाही. आवाजाला लागतो, कारण तो आपल्या घरात राहत नाही. न विचारता दुसऱ्याच्या पाळण्यापाशी जाऊन उभा राहतो. म्हणून तुमच्या दारी मांडव पडेल तेव्हा कार्यालयातल्या कागदावर विसंबू नका. आधी शेजारचं दार वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा.