एका सकाळचे माहेर

मित्रांनो, मी एक जुना रेल्वेचा डबा आहे, तिसऱ्या वर्गाचा. बाकडी लाकडी, छताला पंखे आणि खिडक्या अशा, की वारा थेट तोंडावर यावा. बँकॉकच्या मक्कासन कारखान्यात मी घडलो. रंग वाळला तेव्हा कारखान्यातल्या मांजरीला माझ्या पत्र्यात दुसरी मांजर दिसली आणि ती तिच्यावर फिस्कारली. इतका मी चकाकत होतो!

पुढे कितीतरी वर्षे मी रोज सकाळी चाचुंगसावहून शहराकडे धावलो. आंब्यांच्या करंड्या, कोळंबीच्या टोपल्या, शाळेची मुले, भिक्खू, सगळ्यांना मी नेले. "या डब्यात झोप छान लागते," असे म्हातारी माणसे म्हणायची. मग गारेगार हवेचे डबे आले. माझे पंखे खडखडू लागले. कुणी बाकावर नावे कोरली, कुणी बाकाखाली च्युइंगम चिकटवले. मी मुकाट्याने धावत राहिलो.

एका साली शहरात मोठमोठ्या देशांचे प्रमुख जमणार होते. रस्ते बंद, कालव्यातल्या होड्या बंद. रेल्वे मात्र चालू राहील, असे सांगितले होते. पण आम्ही वाटेत असतानाच तीही बंद झाली. वेशीवरच्या एका लहान स्टेशनात आमची गाडी उभी राहिली.

नेमकी त्याच दिवशी माझ्यात वरात होती! नवरदेव वितून रेशमी कपडे घालून बसला होता. ऊस, केळीची रोपे, विड्याची पाने, मिठायांची तबके घेऊन त्याच्याकडची माणसे निघाली होती. आमच्याकडे नवरदेवाने वाजतगाजत मुलीच्या दारात जायचे असते. मुलीचे घर शहरात, बंद केलेल्या भागात होते.

"संध्याकाळपर्यंत गाडी हलणार नाही," गार्ड प्रयूनकाका सांगून गेले.

"संध्याकाळ?" वितूनची आई बुआलोय उठून उभी राहिली. "अहो, मुहूर्त दुपारच्या आत आहे!"

"बाई, मुहूर्त मी काढला नाही आणि शहरही मी बंद केलं नाही."

पुढच्या आठवड्यात वितून दोन वर्षांसाठी परदेशी, जहाजांच्या गोदीत कामाला जायचा होता. मुलीला, मालिवानला, वाढवले होते तिच्या आजीने, याय चान्ताने. याय म्हणजे आमच्याकडे आजी. ती फार थकली होती. दोन वर्षांनी ती असेल का, हे कुणी तोंडाने बोलत नव्हते.

वितूनने फोन लावला. मालिवान म्हणाली, "पोलीस आतल्यांना बाहेर सोडतायत, बाहेरच्यांना आत नाही. आम्हीच चालत येतो."

तेवढ्यात फोनमध्ये तिच्या मागून आजीचा आवाज आला. "फोन दे इकडे! मुलगी नवऱ्याच्या मागे धावत जाणार? उद्या तुझी आई तिला ऐकवेल, तूच आली होतीस म्हणून."

बुआलोयने फोन ओढून घेतला. "मी कशाला ऐकवेन?"

"सगळ्या सासवा लग्नाआधी असंच म्हणतात!"

वितून खाली मान घालून तबकातली केळी उगाच नीट लावत बसला. बुआलोयने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्या भिंतीकडे पाहिले.

"याय," ती हळूच म्हणाली, "आम्ही खाली उतरतो. हा डबा तुमचा. तुम्ही आत बसा, हे तुमचं घर. माझा मुलगा वरात घेऊन तुमच्या दारात येईल. मग तर झालं?"

यायने विचारले, "घर झाडलेलं आहे का?"

बुआलोयने गार्डला विचारले, "काका, डब्यात लग्न लावायला नियमात मनाई आहे का?"

"नियमात लग्न हा शब्दच नाही," प्रयूनकाका म्हणाले. "म्हणजे मनाईही नाही."

मित्रांनो, मग काय सांगू! कोळंबीवाल्या बायकांनी माझी जमीन घासून धुतली. कुणी बाकाखालचे च्युइंगम खरवडले. प्रयूनकाकांनी स्वतःच्या रुमालाने खिडक्या पुसल्या. खिडक्यांना मोगऱ्याच्या माळा लागल्या. किती वर्षांनी कुणी मला असा मायेने हात लावला होता!

मालिवान आली ती शेजाऱ्याची फळांची हातगाडी ढकलत. घामाने तिची पावडर ओघळली होती. गाडीवर याय बसली होती, मांडीवर शंख धरून. चौघांनी तिला उचलून आत आणले. तिने इकडे तिकडे पाहिले. "जरा अरुंद आहे," ती म्हणाली, "पण वारा चांगला आहे."

माझे प्रवासी मग वधूपक्षाचे झाले. कोळंबीवाल्यांनी दारात चौकड्यांचे कापड आडवे धरले.

"नवरदेव, कोळंबी सोलता येते का?"

"येते!"

"आणि भांडी?"

"ती... शिकेन!"

"आत सोडू नका गं याला!"

सगळा फलाट हसला. कापड खाली झाले आणि वितून आत आला. दोघांच्या डोक्यांभोवती पवित्र दोरा बांधला. यायने शंखातले पाणी त्यांच्या हातांवर सोडले. "भांडा, पण जेवायच्या आधी मिटवा," ती म्हणाली. मग ती बुआलोयकडे वळली. "पोर तिखट आहे माझी. सांभाळून घ्या."

"मी तरी कुठे गोड आहे?" बुआलोय डोळे पुसत म्हणाली. "जमेल आमचं."

संध्याकाळी मार्ग खुला झाला. त्या घराला घेऊन मी शहरात शिरलो.

पुढच्या वर्षी याय गेली. वितून तेव्हा दूर होता. पण तिने आपल्या हाताने दिलेला आशीर्वाद त्याला मिळालेला होता.

आता मी यार्डात उभा आहे. चाकांत गवत वाढले आहे, पत्रा गंजला आहे. माझी तक्रार नाही. एवढेच सांगतो, मित्रांनो. कधी तुमची गाडी अडली तर चिडून बाक कोरू नका, काचा फोडू नका. शेजारी कोण बसले आहे ते पाहा, त्याचे काय अडले आहे ते विचारा. आणि उतरताना आपली जागा स्वच्छ करून उतरा. उद्या तिथे कुणाची तरी आजी बसणार आहे.