तुलसीराम राजाचे बाकडे

मित्रांनो, क्षणभर असे समजा की तुमच्यापुढे अंगणात एक लाकडी बाकडे आहे. दुसरे काहीच नाही. आता एक म्हातारा त्यावर येऊन बसला आणि त्याने मिशीवरून हात फिरवला. झाले ना सिंहासन? तोच उठून वर उभा राहिला आणि डोळ्यांवर हात धरून लांबवर पाहू लागला. आता तो डोंगर. तुम्हाला डोंगर दिसला असेल, तर आपली गट्टी जमली.

मी एक जुने बाकडे आहे. मॉरिशसमधल्या ब्रीझे वेर्दिएर गावात, १९५२ साली, सीताराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. माझा एक पाय किंचित आखूड राहिला. त्याने खाली चपटा दगड सरकवला आणि म्हणाला, "राजा जड असला की बसंल बरोबर."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, देवळापुढच्या मांडवात गावातली ऊस तोडणारी माणसे खेळ करायची. त्या खेळाला संवादांची वही नव्हती. कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या वाडवडिलांनी ही रीत आणली, असे त्यांच्यातला तुलसीराम सांगत असे. तोच नेहमी राजा व्हायचा. खेळाआधी तो सगळ्यांना जवळ बोलावून गोष्टीचा सांगाडा सांगायचा. "राजानं नदी अडवलीय. गाव पाणी मागायला येतंय. शेवटी बांध फुटला पाहिजे. मधलं आपलं आपण."

बस्स! बाकीचे शब्द तिथल्या तिथे, माझ्यासमोर जन्माला यायचे. नवीन माणूस घाबरला की तुलसीराम म्हणायचा, "आधी समोरच्याचं नीट ऐक. तू काय बोलायचं ते त्याच्याच बोलण्यात सापडतंय."

बारा वर्षे मी ताठ मानेने काम केले. मी होडी झाले, बैलगाडी झाले, एकदा तर नवरीची पालखी झाले. लोक टाळ्या वाजवताना माझ्याकडे पाहत नसत, पण मी नसते तर राजा कुठे बसला असता?

मग १९६४ साल आले. दूर देशातून एक अभ्यासक बाई आमचा खेळ पाहायला आणि ध्वनिमुद्रण करायला येणार, असे कळले. लोक कसे राहतात, कसे खेळतात, हेच त्या शिकत होत्या. नंदलाल गुरुजी दर रविवारी व्हाकोआहून बसने येऊन आमच्या मुलांना मराठी शिकवत. भला माणूस. पण त्यांनी धसकाच घेतला.

"आपली मराठी ही अशी, निम्मी या बेटावरची क्रेओल बोली," ते म्हणाले. "बाई म्हणतील, यांना भाषाच येत नाही."

म्हणून त्यांनी रात्रंदिवस बसून अकरा पाने शुद्ध मराठीत लिहून काढली आणि सगळ्यांना पाठ करायला दिली. सगळे चटईवर बसून पाठांतर करू लागले. तीन आठवडे मी भिंतीशी धूळ खात उभे.

तुलसीरामला वाचता येत नव्हते. त्याची दहा वर्षांची नात जमुना त्याला वाचून दाखवी. तिलाही शेतकऱ्याच्या पोरीची चार वाक्ये मिळाली होती.

"आजा, म्हण. 'प्रजाजनहो, जलाची याचना कशास करिता?'"

"जलाची... काय?"

"याचना!"

"आयो! तोंडात गोटा धरल्यावानी होतंय गं."

प्रधान होणारा बलराम हसला. "तुलसीभाऊ, जमत नसंल तर राजाचा फेटा द्या इकडं. माझं डोकं रिकामंच हाय."

तुलसीराम हसला नाही. "यंदा लोकांपुढं अडकलो, तर खरंच देईन. पुन्हा खेळात उभा राहणार नाय. गणपतीपुढं सांगतोय."

गणपतीपुढे बोललेला शब्द आमच्या गावात कोणी माघारी घेत नाही.

खेळाचा दिवस उजाडला. मांडव भरला. बाईंच्या यंत्राची चाके फिरू लागली. तुलसीराम माझ्यावर बसला, "प्रजाजनहो," म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द येईना. त्याने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट धरली. समोर उभ्या जमुनाला ते वाक्य तोंडपाठ होते. हळूच सांगितले असते तरी भागले असते. तिने तोंड उघडले, आजाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाली,

"राजा, जीभ सुकली काय तुझी? मंग आमची बघ! तीन दिस झाले, गावात दिलो नाय!"

दिलो म्हणजे पाणी. आमच्याकडे सगळे तसेच म्हणतात. मांडव हसला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. तुलसीरामने मात्र नातीचे बोलणे नीट ऐकले. मग त्याची पाठ ताठ झाली.

"सुकली! म्हणून तर नदी घरात ठेवलीय. राजाची तहान मोठी असते, पोरी!"

"तहान मोठी तर लोटा मोठा घे. नदी कशाला?"

"महाराज," बलराम मधेच म्हणाला, "लोटे आपल्याकडं ढीगभर हायत. राणीसाहेब रोज माझ्यावर फेकतात."

मग कोणी कोणाला आवरेना. शेवटी मीच बांध झाले, गावकऱ्यांनी राजासकट मला कलते केले आणि बांध फुटला!

खेळ संपल्यावर बाईंनी गुरुजींकरवी विचारले, "हे शब्द कुठे लिहिले आहेत?"

"कुठंच नाय, बाई," तुलसीराम म्हणाला. "पुढच्या खेपेला ही येगळं बोलंल, मंग मी बी येगळं."

बाई बराच वेळ वहीत लिहीत राहिल्या. तुलसीरामने मात्र फेटा उतरवून बलरामपुढे धरला. "घे. अडकलो होतो मी."

"कधी?" बलराम म्हणाला. "राजाची जीभ सुकली होती. गोष्टीतच होतं ते. साऱ्या गावानं ऐकलंय." आणि त्याने फेटा परत मित्राच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, आता माझे सांधे कुरकुरतात. डगमगले तर पाचर ठोका, भेग पडली तर तेल पाजा. पण दोरी बांधून, नावाची चिठ्ठी लावून मला कोपऱ्यात जपू नका. माझ्यावर बसा, उभे राहा, चुका आणि पुढे बोला. बाकडे काय, भाषा काय, वापरात असली की टिकते.

त्या दुपारचे एक सांगायचे राहिले. मांडव रिकामा होत असताना गुरुजी पेन्सिल घेऊन जमुनाजवळ आले. "पोरी, तू काय काय बोललीस ते सांग. लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी पाठ करू."

जमुनाने गुरुजींची बाही धरली, त्यांना ओढत आणून माझ्यावर बसवले आणि स्वतः चार पावले मागे सरली.

"राजा," ती म्हणाली, "आज शाळेला कुलूप का लावलंस?"

आणि हात कमरेवर ठेवून ती उत्तराची वाट पाहू लागली.