पाठमोरी ग्रामसभा

मी सतरंजी बोलतेय. आवाज खालून येईल, तेवढी सवय करून घ्या. माझ्यावर बसणाऱ्यांनी आजवर मला बोलूच दिलं नाही; ज्याला त्याला स्वतःचंच सांगायचं असतं. आज मला शाळेच्या वऱ्हांड्यात ऊन खायला टाकलंय, वर कुणी बसलेलं नाही, तोवर आपलं सांगून घेते.

गाव सेनगाव तालुक्यातलं. नाव मात्र विचारू नका. जे सांगणार आहे त्यात गावातल्या पुरुषमंडळींची थोडी फजिती आहे, आणि मी त्यांचं मीठ खाल्लं नसलं तरी त्यांच्या पायांची धूळ पुष्कळ खाल्ली आहे.

माझा जन्म तुरुंगातला. यात लाजण्यासारखं काही नाही. तिथल्या मागावर एका कैद्यानं मला विणलं. त्याच्या हातून कधी काय पाप घडलं असेल ते असो, पण वीण त्यानं कुठं ढिली सोडली नाही. निळे नि तांबडे पट्टे, रुंदीला चांगली ऐसपैस. ग्रामपंचायतीनं मला विकत घेतलं आणि मी युरियाच्या पोत्यांवर बसून टेम्पोतून गावात आले.

तेव्हापासून मी काय नाही पाहिलं? साखरपुडे पाहिले, सप्ताहातली भजनं ऐकली, लसीकरणात लेकरांनी माझ्यावर धारा सोडल्या. माणूस तोंडानं काय बोलतो याला मी फारशी किंमत देत नाही. तो बसतो कसा, ते बघते. खोटं बोलणारा सारखी बैठक बदलतो. मत मागायला आलेला काठावर टेकतो आणि निवडून आला की मधोमध मांडी घालतो.

बाया माझ्यावर बसायच्या त्या लग्नात नि हळदीकुंकवात. ग्रामसभेत कधीच नाही. गावाची रीतच तशी. सासरे आणि थोरले दीर ज्या सतरंजीवर बसलेत तिच्यावर सुनेनं बसायचं नाही आणि त्यांच्यासमोर तोंडही उघडायचं नाही. आता खेडं म्हटलं की प्रत्येक म्हातारा कुठल्या ना कुठल्या नात्यानं सासराच लागतो. त्यामुळे सभेत बाया पुढल्या बाजूच्या दाराशी, उघड्या फरशीवर, पदर नाकापर्यंत ओढून बसायच्या.

मग गावाला बाईचं आरक्षण पडलं. गावातल्या परमेश्वर नावाच्या गड्याला सरपंच व्हायची भारी हौस होती. त्यानं बायकोला उभं केलं आणि सुभद्राबाई निवडून आल्या. गाव मात्र परमेश्वरलाच सरपंच म्हणू लागलं. पोस्टरवर त्याचाच फोटो मोठा. तो काही वाईट माणूस नव्हे. हाक मारली की खुलायचा, एवढंच. ग्रामसेवक शिवप्रसादच्या शेजारी तो ऐटीत बसायचा आणि सरपंचबाई दाराशी फरशीवर. सहीपुरतं त्यांना पुढं बोलवायचे. सही झाली की परत फरशीवर.

घरात सगळ्यांत मोठे सुभद्राबाईंचे सासरे, सटवाजी. मेंढरांत आयुष्य काढलेला माणूस, अंगाला लोकरीचा वास, चालणं ताठ. रीत म्हणजे रीत, यात तडजोड नाही. त्यांच्या मनात यंदा एकच होतं. गावच्या फाट्यावर मोठी स्वागत कमान बांधायची आणि तिच्यावर त्यांच्या वडलांचं, कै. कोंडबांचं नाव कोरायचं. परमेश्वरनं सगळ्यांना कबूल करून ठेवलं होतं. पंचायतीजवळ एकाच कामापुरता निधी होता आणि तो कमानीला लागणार हे ठरल्यातच जमा होतं. ग्रामसभेनं हात वर करायचे तेवढे बाकी होते.

सभेच्या आदल्या दिवशी मला हापशावर धुवायला नेलं. धुणारी कोण? खुद्द सरपंचबाई! बरोबर त्यांची मुलगी दिपाली, आणि मदतीला शेजारच्या रहिमाबी. दिपाली सातवीत. आमच्या शाळेत लेकरांचं मंत्रिमंडळ निवडतात, चिठ्ठ्या टाकून, अगदी खऱ्यासारखं. त्यात ती मुख्यमंत्री निवडून आलेली.

"आई, मी रोज परिपाठाला समद्या शाळेम्होरं बोलते," ती मला एका टोकाला पिळत म्हणाली. "तू तर सरपंच हाईस. तू काहून गप बसतीस?"

"तुह्या शाळेत तुहा सासरा बसतो का?" सुभद्राबाई म्हणाल्या.

रहिमाबी एवढ्या हसल्या की बडवायची मोगरी हातातून सुटली. दिपालीला मात्र हसू आलं नाही.

"पुढच्या साली मला शाळाच न्हाई," ती म्हणाली. "सातवी झाली का संपलं. आबा म्हणून राहिले, फाट्यापस्तोर पोरगी एकटी जाणार न्हाई."

आबा म्हणजे तिचे आजोबा, सटवाजी. आणि खरंच होतं ते. आठवीची शाळा सेनगावात. पोरं एका फटफटीवर तिघं तिघं बसून जायची. पोरी घरी बसायच्या. एसटी फाट्यावरून निघून जाई. आगाराचे साहेब येऊन सांगून गेले होते, फाट्यापासून गावापर्यंतच्या कच्च्या तुकड्यावर मुरूम दाबा, ओढ्यावर नळ्या टाका, गाडी गावात आणतो. पण मुरूम टाकायचा तर कमान राहते, आणि कमान बांधायची तर एसटी राहते.

"मेरी मुन्नी का भी यहीच हुआ," रहिमाबी म्हणाल्या. "लई हुशार पोरगी. सातवी झाली आन् घरात बसली. आज मला तकलीफ होती गं त्याची. तू बोल सुभद्रा. एक बार बोल."

"मामाजीम्होरं तोंड कसं उघडू?"

"तोंड तुला लागतं. बुढ्ढ्याला नुसते कान लागतात."

सुभद्राबाईंनी माझ्यावर उचललेली मोगरी तशीच हातात धरली. मग त्या पुन्हा मला बडवू लागल्या. त्या दिवशी मला फार मार पडला, पण धूळ मात्र सगळी निघाली.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. सटवाजी सगळ्यांत पुढं बसले, त्यांच्यामागं त्यांच्या बरोबरीचे म्हातारे, मग बाकीचे. रहिमाबींनी घरोघर फिरून बाया गोळा केल्या होत्या. दाराशी फरशी पुरेना. शिवप्रसादनं विषय वाचला. परमेश्वर बोलायला उठणार, तेवढ्यात सुभद्राबाई उठल्या, भिंतीला धरून शिवप्रसादपर्यंत आल्या आणि त्याच्या कानात काहीतरी म्हणाल्या. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

"सरपंचबाईंना बोलायचंय," तो म्हणाला. "पण सासऱ्यासमोर बोलणं रितीला धरून नाही. म्हणून त्या म्हणतात, वडीलधाऱ्यांनी... म्हणजे... जरा पाठमोरं बसावं."

आधी कुणाला कळेना. मग मागून खसखस पिकली. मी श्वास रोखून होते. सटवाजी उठून निघून गेले असते तर सभा तिथंच मोडली असती. पण त्यांची मोठी अडचण झाली. नाही म्हणावं तर स्वतः घालून दिलेली रीत मोडते!

"रीत म्हंजे रीत," सटवाजी खाकरून म्हणाले आणि माझ्यावर तसेच गर्रकन फिरले.

त्यांच्यामागोमाग सगळे म्हातारे फिरले. थोरले दीर फिरले. धाकट्या दिरांना खरं तर फिरायची गरज नव्हती, पण एवढे जण पाठमोरे झाल्यावर आपणच कसं बघत बसायचं, म्हणून तेही फिरले. शेवटी परमेश्वर एकटा राहिला. वडील पाठमोरे आणि आपण बायकोकडं टक लावून बसलोय, हे त्यालाच बरं दिसेना. तोही फिरला. अख्खी ग्रामसभा मागच्या भिंतीकडं तोंड करून बसली. असली सभा मी जन्मात पाहिली नव्हती.

सुभद्राबाई बोलू लागल्या. आधी आवाज कापत होता.

"आमच्या आजेसासऱ्यांचं नाव मोठं हाय. मी त्यांना पाहिलं न्हाई, पण घरात त्यांचं नाव निघत न्हाई आसा दिवस न्हाई. कमान बांधली तर नाव फाट्यावर दिसंल, हे खरं. पण कमान हाय तिथंच उभी ऱ्हाती. तिच्याखालून पोरं फटफटीवर जातील. पोरी जाणार न्हाईत. त्यांची शाळा सातवीलाच संपती." मग त्या थांबल्या. पुढच्या वेळी आवाज आला तो न कापता आला. "एसटी आली तर तिच्या पाटीवर गावाचं नाव ऱ्हाईल. सेनगावच्या स्टँडात रोज पुकारतील. कोंडबांची पणती त्या गाडीत बसून शिकायला जाईल. मला वाटतं, नाव आसं बी मोठं होतं. मी सरपंच हाय म्हणून सांगून राहिले. आदी रस्ता करू."

एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. पाठमोरा माणूस टाळ्या तरी कशा वाजवणार?

शिवप्रसादनं आधी कमानीसाठी हात वर करायला सांगितलं. एरवी सटवाजींकडं बघून हात वर जायचे, परमेश्वरची नजर फिरली की आणखी चार जायचे. आज कुणाला कुणाचं तोंडच दिसत नव्हतं. इकडं तिकडं थोडे हात वर झाले. मग रस्त्यासाठी विचारलं. दाराशी पहिला हात रहिमाबींचा गेला आणि मागोमाग सगळ्या बायांचे. नवरे पाठमोरे, डोळे वटारायला कुणी नव्हतं. आणि पुरुषांचं म्हणाल, तर हात वर करताना माणूस दुसऱ्या बाजूला जरासा कलतो. माझ्यावर एकेक जण कलू लागला. कुणी बघत नाही म्हटल्यावर एवढी माणसं खरं बोलतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

शिवप्रसादचं मोजून झालं. रस्ता पास झाला होता. तेवढ्यात सगळ्यांत पुढं, सुभद्राबाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर, मला एक वजन हळूच कलताना जाणवलं. धोतराचा सोगा माझ्यावर घसरला. सटवाजींचा हात वर होता.

शिवप्रसादनं सुभद्राबाईंकडं पाहिलं. मोजू का नको, ते त्याला कळेना. सुभद्राबाईंनी सासऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. डोळे भरून आले होते, तरी आवाज ठाम होता.

"मोजा," त्या म्हणाल्या.

मंडळी परत फिरली, आकडा ऐकला आणि एकमेकांकडं बघू लागली. हे झालं कसं? मी तर कमानीचाच, असं जो तो सांगू लागला. सटवाजी काठी टेकत उठले.

"बाया लई जमल्या सभेला," ते म्हणाले आणि घरी गेले.

त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. दिपालीच सांगते, आबा अजून जेवताना कमानीवरून कुरकुरतात आणि आई खाली मान घालून भाकरी वाढते. दोघांनाही ठाऊक आहे. दोघंही गंमत जपून आहेत.

मुरूम पडला, नळ्या बसल्या. ज्या दिवशी एसटी गावात आली त्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांना माझ्यावरच बसवून चहा पाजला. पहिल्याच जूनमध्ये दिपालीबरोबर आणखी सहा पोरी त्या गाडीत चढल्या. त्या वर्षीच्या दुसऱ्या ग्रामसभेला म्हातारे सवयीनं फिरायला लागले, तेव्हा सटवाजी जागचे हलले नाहीत. समोर तोंड करून बसले. "कितींदा फिरावं माणसानं? कंबर धरती," ते म्हणाले. आणि माझ्या मधोमध हात आपटून त्यांनी दाराशी बसलेल्या सुनांना आत बोलावलं.

आता पंचायतीत खुर्च्या आल्यात. मला शाळेला दिलंय. दोन ठिकाणी रहिमाबींनी ठिगळ लावलंय, तांबडे पट्टे विटून विटकरी झालेत, पण मी मजेत आहे. यंदाच्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्रिपदासाठी पाच पोरी उभ्या राहिल्यात. माझ्यावर बसून एकमेकींची मतं फोडतात. कान किटतात, पण ऐकायला बरं वाटतं.

मुलींनो, माझं एक ऐका. तुम्हाला सगळं यायला लागल्यावर पुढं या, असं कुणीतरी सांगेल. माझ्यावर बसून गेलेल्या बाप्यांना काय येत होतं ते मी तुम्हाला सांगू शकते. फारसं काही नाही. ते आधी बसले, मग शिकले. तुम्हीही तसंच करा. पहिल्यांदा आवाज कापला तर कापू द्या.

येत्या निवडणुकीत गावाला आरक्षण नाही. कालच परमेश्वरचा एक मित्र वऱ्हांड्यात टेकला होता. समोरून जाणाऱ्या सुभद्राबाईंना तो हसत म्हणाला, "वहिनी, बाईचं आरक्षण उठलं. आता तुमाला सुट्टी."

सुभद्राबाई थांबल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

"आरक्षण उठलं आसंल, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी कुठं उठले?"