भेगेतली काटकी

कड्याच्या भेगेत अडकवलेली काटकी मी उपसून काढली. तिला लाल दोरा बांधला होता. आठवड्यात ही तिसरी. करणीच, दुसरं काय! मी ती खाली तारा नदीच्या घळीत भिरकावली आणि दिसेनाशी होईपर्यंत शिव्या घातल्या. नदी इथून हजार मीटर खाली आहे, त्यामुळे बऱ्याच घालून झाल्या.

एकतीस वर्षं मी या कड्यावरची वाट राखतोय. दर वसंतात दगडांवर लाल वर्तुळं रंगवायची, शहरातले लोक त्या खुणांमागून येतात. शेवटची खूण टोकाच्या खडकावर, माझ्या बापाने काढलेली. तिथून नदी हिरव्या दोऱ्याएवढी दिसते. यंदा मात्र कुणीतरी माझ्या खुणा खरवडून वाट थेट शेजारच्या मिलुनावहिनीच्या कुंपणाकडे वळवली होती. वहिनी चीज विकते. आता यात न कळण्यासारखं काय आहे?

वहिनी मेंढी पिळत होती. मी म्हटलं, "गिऱ्हाईक हवं तर पाटी लावा. माझी वाट कशाला पळवता?"

"वाट मीच वळवली, रादोये भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली. "काटक्याही माझ्याच. आमचे हे लावायचे. भेग रुंदावली की काटकी पडते. टोकाचा तो खडक सुटतोय. पण तीन काटक्या तुम्हीच उपटल्यात, मग कळणार कसं?"

"आणि लाल दोरा?"

"तुमची नजर अधू झालीय. दिसावी म्हणून."

मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, गेल्या वर्षी दुधात पाणी घालते म्हणालात, यंदा माझं ऐकणार होतात?

ऐकणार नव्हतोच. रविवारी चाळीस जण येणार होते, सगळे त्याच खडकावर चढून फोटो काढणार. मी स्वतः काटकी तोडली, दगडाने ठोकून भेगेत घट्ट बसवली आणि राखण करत बसलो. ही बाई येऊन काढते की नाही बघू! ती आली, पण भाकरी-चीज घेऊन. मी हुंगून खाल्लं. ती परत गेली.

दुपार कलली. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. कुणी हात न लावता माझी काटकी सैल झाली आणि आत गेली. मी कान देऊन बसलो. तळाला लागल्याचा आवाज काही आला नाही. 

मी वहिनीला हाक मारली. खडकावरची बापाची खूण मिटवायलाच हवी होती. ती असेपर्यंत लोक तिथे जाणारच. तारेचा ब्रश घेतला, कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक तिने पाइनच्या बुंध्याला वेढा देऊन हातात धरलं. एरवी मी हिच्याकडचं दूधसुद्धा बोटावर घेऊन बघतो.

मग पोटावर सरपटत भेगेपलीकडे गेलो आणि बापाचं वर्तुळ घासायला लागलो. रंग जुना, चिवट होता. पुसून होईपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.