चंद्रीचा मालक

आमची आक्काबाई आत्या म्हशीच्या गवानीत पडली आन चार तास तिथंच ऱ्हायली. गोष्ट तिथनं सुरू हुती. पन आसं तिच्यापुढं म्हनायची सोय न्हाई. ती म्हनती, "पडले न्हाई, बसले हुते."

त्र्याहत्तर साल. दिवाळी हून गेल्ती. आदल्या साली दुष्काळानं मानसाची आन जनावरांची बी हाडं वर काढल्ती, पन त्या साली पाऊस बरा झाला. बाजरी झाली, दारोदारी सरमाडाच्या, म्हंजी बाजरीच्या वाळल्या ताटांच्या, गंज्या लागल्या. आत्याची बी गंजी लागली. घर काष्टीच्या कडंला, दोन खनाचं, पुढं छपरात चंद्री म्हैस. नवरा जाऊन वीस वरसं झाल्ती. एकुलता लेक सहादेव, आमचा सहादू, तिकडं बेलापूरकडं साखर कारखान्यात. आत्या सत्तरीची, एकटी, आन एकटी ऱ्हायची हौस आसलेली.

त्या दिवशी सकाळी चंद्रीला वैरन टाकायला ती शिडी लावून गंजीवर चढली. शिडीचं दांडकं मोडलं आन आत्या सरळ खाली गवानीत. पाय मुरगाळला, उठता यीना. चंद्रीनं आदी वास घेतला, मग तोंडापासनं पदरापतुर चाटून काढली, आन वैरन कुठंच दिसंना म्हनून जी रेकायला लागली ती दुपारपतुर रेकत ऱ्हायली.

शेजारी रज्जाकभाईचं चहाचं हाटेल. गिऱ्हाईक म्हनायला लागलं, "भाई, तुज्या चहापेक्षा म्हशीचा आवाज कडक हाय." तवा तो बघायला गेला.

"आक्का! आवं हितं काय करताय?"

"काय न्हाई. तू जा, तुजा चहा उतू जाईल," आत्या म्हनली. मग थोडं थांबून, "जाताना जरा हात दे."

आता मी कोन ते सांगतो. मी कानिफनाथ, तिच्या भावाचा लेक. शाळा दुसरीपतुर, पुढं मास्तरांचं आन माझं जमलं न्हाई. काष्टीच्या शनवारच्या बाजारात जनावरांची दलाली करतो. इकनारा एकीकडं, घेनारा एकीकडं, मधी मी आन माझा रुमाल. आमच्यात भाव तोंडानं सांगत न्हाईत. रुमालाखाली हात घालायचा आन बोटं धरायची. धरली तेवढा आकडा. कमी करायचा तर बोट सोडवायचं, वाढवायचा तर आनखी एक धरायचं. भवती शंभर मानसं उभी आसली तरी कुनाला पत्ता लागत न्हाई. आन दलालानं तो आकडा बाहेर फोडला, तर दुसऱ्या शनवारी त्याच्या रुमालाखाली कुनी हात घालत न्हाई.

तर आत्या पडल्याचं सहादूला कळलं आन तो शुक्रवारी आला. आला तो माझ्याच घरी.

"कानिफा, आता लई झालं," तो म्हनला. "आयेला घिऊनच जायाचं."

"ती येनार हाय व्हय?"

"न्हाई येनार. म्हनूनच तुज्याकडं आलो. दर बारीला म्हनती, चंद्रीला कोन बघंल? उद्या शनवार हाय. म्हैस इकून टाक. म्हैस गेली की कारनच संपलं."

 सहादू वाईट मानूस न्हाई. बायको मुक्ताबाई तर त्याच्याहून भली. पन आत्या एकदा त्यांच्या क्वाटरला गेली ती आठव्या दिवशी एसटीनं परत आली. इचारलं तर म्हनली, "सून हातातलं भांडं काढून घेती. बसा म्हनती. बसून बसून माझं बूड दुखाया लागलं." लेकानं मनीआर्डर पाठीवली तर पोस्टमनला म्हनली, "परत ने. ह्या घरात पैसं लागनारं कुनी ऱ्हात न्हाई." दुष्काळात ती खडी फोडायला गेली, चंद्रीला छावनीत एकटीनं जगीवली, पन लेकाचा पैसा घेतला न्हाई. गावानं "लेक पोसतोय" म्हनलेलं तिला खपत नव्हतं. आन आता म्हैस इकली तर तिचं घर बी सुटनार. मला ते नको हुतं. पन ती पुन्यांदा पडली आन रज्जाकभाई गावाला गेलेला आसला तर? 

दोघं मिळून तिच्या घरी गेलो. ती पायाला हळद लावून बसली हुती.

"आये, चंद्रीला इकायची," सहादू एका दमात बोलला.

मला वाटलं आता भांडं यील अंगावर. आत्यानं दोघाकडं बघितलं. पायावरची हळद जरा सारखी केली.

"इका की," ती म्हनली.

"आं?"

"इका म्हनते. पन म्हैस माझी हाय. बाजारात मी येनार. गिऱ्हाईक मी ठरीवनार. कानिफा, चांगला धुतलेला रुमाल आन. गेल्या बारीचा तुजा रुमाल बघितलाय मी, त्याखाली म्हैस बी हात घालायची न्हाई."

सहादू खूश. मी मात्र इचारात पडलो. आत्या इतक्या लवकर "व्हय" म्हनली म्हंजी कुठं तरी पानी मुरत हुतं.

शनवारी आत्या काठी टेकत, चंद्रीचं दावं हातात धरून बाजारात आली. चंद्रीच्या शिंगांला त्याल लावल्यालं, कपाळावर कुंकू. बाजार भरलेला. पयला आला राहुरीकडचा एक बागायतदार.

"ह्याला न्हाई द्यायची," आत्या म्हनली.

"का?"

"त्याच्या बैलाच्या पाठीवर वळ हायती बघ."

दुसरा आला, गवळी. "ह्याला बी न्हाई. रेडकाला प्यायला ठिवत न्हाईत हे." तिसऱ्यानं चंद्रीच्या कासेला हात घातला, तर आत्यानं काठी उगारली. "आदी इचारायची रीत हाय का न्हाई तुज्या गावात?"

दुपार झाली. सहादू घामाघूम. "आये, कुनाला तरी दे गं आता!"

"देते की. एक गिऱ्हाईक हाय माझ्या नजरंत. जरा बावळट हाय, पन जनावराला मारायचा न्हाई."

"कोन?"

"तू."

भवतीची मानसं हसली. मी बी हसलो. सहादूचं तोंड बघन्यासारखं झालं.

"मी? आगं, दोन खोल्यांच्या क्वाटरमधी म्हैस कुठं बांधू?"

"तुला कुठं बांधायला सांगतीया? म्हैस तू इकत घे. बाजारभावानं, एक पैसा कमी न्हाई. तो पैसा पोस्टात टाक, माझ्या नावावर. म्हशीची किंमत हाय ती, माझी कमाई. आन म्हैस ठेव माझ्याकडं, राखनीला. वैरन-पानी, शेन-घान समदं मी बघीन. राखनीचा पैसा मालकानं म्हैन्याच्या म्हैन्याला द्यायचा. दूध राखन करनाराचं. न्हाई पटत? मग राहुरीवाल्याला हाळी मारते."

आमच्याकडं राखनीला जनावर ठिवत्यातच. त्यात कुनी कुनाला पोसत न्हाई. मालक मालकाच्या जागी, राखनदार राखनदाराच्या जागी. माझ्या डोक्यात तवा कुठं उजेड पडला. बाई रातभर नुसती पायाला हळद लावत नव्हती तर!

सहादूनं चंद्रीकडं बघितलं, मग आयेच्या पायाकडं. मला वाटलं चिडला. पन मग त्यानं टोपी नीट केली, छाती काढली, आन एकदम मालकाच्या आवाजात बोलला.

"घेतो. पन मालक म्हनून माझ्या अटी हायत."

"सांग."

"माझी म्हैस हाय. तिची वैरन गंजीवर चढून काढायची न्हाई. राखनदार पडला की म्हैस उपाशी ऱ्हाती. गंजी मोडून सरमाड भुईवर रचायचं, हाताला यील आसं."

आत्यानं डोळं बारीक केलं. "बरं. पुढं?"

"माझ्या म्हशीला आडाचं पानी शेंदून पाजायचं न्हाई. थंड पडतं. पानी वाहनारा कोळी लावून दारात रांजन भरून घ्यायचा."

"म्हैस हाय का जावई?"

"माझी म्हैस, माझा लाड. आनखी, सकाळ-संध्याकाळ म्हशीला कुनी तरी डोळ्यानं बघून गेलं पायजे. दूध रज्जाकभाईला घालायचं, तो दोन टायमाला सोता येऊन घिऊन जाईल. आन एखाद्या सकाळी छपराचं दार उघडं दिसलं न्हाई, तर त्यानं कानिफाला सांगायचं आन कानिफानं मला तार करायची. म्हशीला काय झालं तर मालकाला कळाया नको?"

रज्जाकभाई गर्दीतच उभा हुता. "मालक, आपल्याला मंजूर," तो म्हनला. "आक्काच्या दुधात पानी नसतं. ते मी घालीन."

आख्खा घोळका हसला. आत्या हसली न्हाई, पन पदर तोंडाला लावला. "लई कडक मालक मिळाला गं बाई चंद्रे," ती म्हनली. "कानिफा, काढ रुमाल."

बाईमानूस बाजारात रुमालाखाली हात घालत न्हाई, तिच्या वतीनं गडीमानूस घालतो. कुनी तरी तसं बोललं बी. आत्यानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. "हा माझा भाचा, ते माझं पोरगं. दोघांचा बी शेंबूड पुसलाय ह्या हातानं. लाज कुनाची?"

म्हशीची किंमत एका झटक्यात ठरली, बाजारभाव सगळ्यांलाच ठावं हुता. घोळ झाला तो राखनीवर.

म्या सहादूच्या हातावर रुमाल टाकला. त्यानं माझी बोटं धरली. तेवढीच म्या आत्याच्या हाताची धरली. तिनं एक सोडवून घेतलं. मी चमकलो. पैसा घेनारी ती, आन आकडा खाली वढतीया! सहादूकडं गेलो, तर त्यानं दोन वाढीवली. देनारा, आन वर चढतोय! पंचवीस वरसं दलाली केली, पन आसा उलटा सौदा म्या बघितला नव्हता. माझ्या हाताला सवयच नव्हती. पैसा घेनाऱ्याला खाली वढायचं, देनाऱ्याला वर ढकलायचं आसं हात आपला आपनच करायचा, आन दोघं बी मला इकडनं तिकडनं मुरगाळायचे.

आत्यानं माझं करंगळीचं बोट आसं दाबलं की डोळ्यात पानी आलं.   तिकडं सहादू बी माझी बोटं सोडायला तयार नव्हता. एवढी वरसं मनीआर्डरी परत आल्या हुत्या त्याच्या. आज पयल्यांदा आयेनं हात पुढं केल्ता.

शेवटी म्या त्याला कानात सांगितलं, "आता वाढवू न्हको. उठून जाईल." आन तिच्या कानात सांगितलं, "आता कमी करू न्हको आत्ये. रडंल ते."

तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग माझी बोटं धरली, आन गच्च धरून ठिवली. पटलं.

म्या रुमाल झटकला. "सौदा झाला!"

सहादूनं इसार दिला. आत्यानं चंद्रीचं दावं त्याच्या हातात दिलं. त्यानं दावं घेतलं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली, जरा येळ मालक म्हनून मिरवून घेतलं, आन दावं परत तिच्या हातात दिलं. "संभाळा जनावर," तो म्हनला.

"काळजी नसावी, मालक," आत्या म्हनली आन काठी टेकत चंद्रीला घिऊन घराकडं चालली. सहादू मागनं, रज्जाकभाई त्याच्या मागनं, हाटेल वाऱ्यावर सोडून.

आठ दिसात सरमाड भुईवर आलं. रांजन भराया लागला. रज्जाकभाई दोन टायमाला किटली घिऊन जायाचा. आत्या त्याला दारातच आडवायची, "मालकाचा हेर आला बघ." दलाली मी नको म्हनलो तर ती ऐकती व्हय? चंद्री व्याली की पयला खरवस माझ्या घरी, आसं ठरलं.

पुढल्या आखाडात चंद्री व्याली. रेडी झाली. खरवस आला, आन आत्यानं माझ्या पोरीकडनं सहादूला कारड लिवून घेतलं. "मालकास नमस्कार. आपल्या म्हशीला रेडी झाली. मालकानं येऊन बघून जावं, आशी रीत हाय."

सहादू मुक्ताबाईला घिऊन आला. आदी तो दिवाळी आन जत्रंला यायचा. म्हशीचा मालक झाल्यापासनं म्हैन्याला यायला लागला. जनावर बघायला यायाच लागतं. आल्यावर आत्या त्याला रांजन दावायची, सरमाड दावायची, रेडीचं दात दावायची, मग ताटात भाकरी वाढायची आन म्हनायची, "जेवा मालक. राखनीत जेवान धरल्यालं न्हाई, पन जेवा."

आख्ख्या काष्टीनं मला इचारून झालं, राखनीचा आकडा किती? रज्जाकभाईनं तर म्हैनाभर फुकट चहा पाजला. ही समदी गोष्ट सांगायला आत्यानंच मला परवानगी दिली, तेवढा आकडा सोडून. चहा मी पिलो. आकडा अजून रुमालाखालीच हाय.