मिराबाईचा उपास

हिंगोलीतल्या हळदीच्या अडतीवरचा जुना कंप्युटर प्रोग्रॅम निलमच सांभाळायची. त्याची भाषा आता कुणी शिकत नव्हतं. मालकानं फुकटातला ओपन सोर्स डेटाबेस घेतला आणि सगळी माहिती त्यात हलवायचं काम तिलाच दिलं. ते झालं की तिची नोकरी संपणार होती. बंजारा तांड्यावर आईला, तिच्या याडीला, मिराबाईला, एवढंच कळलं की लेकीवर मोठं काम पडलंय. काम पुरं होईस्तोवर दिवसातून एकदाच जेवीन, असा नवस ती नागनाथाला बोलली.

आज काम संपवून निलम घरी आली.

"झालं का गं पोरी? त्या कंप्युटरनं माझाच जीव घेतला असता!"

"झालं, याडी. बराबर झालं."

"व्हय? देवानं ऐकलं माझं!"

निलमनं तिला भाकर वाढली. उद्या डबा करू नको, हे मात्र तिच्या तोंडून निघेना.