निंबावरची ताटली

इकडेतिकडे काय शोधताय? जरा मान वर करा. गायरानातल्या मोठ्या कडुनिंबाला जिथे दोन फांद्या फुटतात, त्या बेचक्यात काहीतरी चकाकतंय ना, ती मी बोलतेय. मी एक ताटली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. कावळे माझे शेजारी आहेत आणि त्यांच्याशी माझं बरं चाललं आहे.

स्वयंपाकघरातली वस्तू झाडावर कशी गेली, याचं उत्तर लोक आपापल्या परीनं देतात. कुणी म्हणतं वावटळीनं नेली, कुणी म्हणतं वानरानं. खरं काय ते मीच सांगते.

कुठल्याशा कारखान्यात पत्र्यातून मला गोल कापलं, साच्यात दाबलं आणि काठ खाली वळवला. तिथून मी आले ती धाड गावच्या बाजारात. भांडेवाल्याच्या दुकानासमोर जनकाबाई भाजी विकायला बसायची. ती बाजार उठताना यायची, मला उचलायची, बोटाच्या पेरानं टण्‌कन वाजवून ऐकायची आणि परत ठेवायची. असे कितीतरी बाजार गेले. एकदा मात्र तिनं मला परत ठेवलं नाही. तिच्या भाचीचं, रुख्मिणीचं लग्न ठरलं होतं. आईविना वाढलेली पोर. आत्यानंच तिला लहानाची मोठी केलेली.

नाव घातल्याशिवाय आमच्याकडे कुणी कुणाला भांडं देत नाही. कोणी दिलं आणि कोणाला दिलं, ते भांड्यानं जन्मभर अंगावर वागवायचं. बाजारात नाव घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता. त्यानं मला मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीवर टिंब टिंब करत कोरलं : ‘रुख्मिणीस, आत्या जनकाबाई, धाड’. दुखलं, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवसापासून मी कुणाची तरी झाले.

लग्न धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका गावात झालं. नवरदेव शालिग्राम अमेरिकेतून शेतीचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता. त्याचे मामा वामनराव गावचे सरपंच. आहेर पुकारायला लागले, तेव्हा मामांची पितळी परात दोन गड्यांनी धरून आणली. तिच्यावर मामांचं नाव एवढं मोठं होतं की वाचता न येणाऱ्यालाही ते कुणाचं ते कळलं असतं. तिच्यामागून मी. पुकारणाऱ्यानं मला दोन बोटांत वर धरलं आणि मांडवातून वामनराव म्हणाले, “झाकण तं आलं बाप्पा. भांडं मागून येऊन राह्यलं का?”

मांडव हसला. जनकाबाईही हसली, हसावं लागतं म्हणून. मग पंगत बसायच्या आत ती उठली आणि न जेवता एसटीला लागली. त्यानंतर तिनं त्या घराचा उंबरा चढला नाही. रुख्मिणी प्रत्येक सणाला निरोप धाडायची. उत्तर एकच यायचं, “वांग्याले पाणी द्याचं हाय.” त्या आत्याच्या वांग्यांइतकं पाणी जगात कुठल्या पिकानं प्यायलं नसेल.

सासरी फळीवर पितळेची भांडी मांडलेली होती, मधोमध परात. सासूबाईंनी, म्हणजे विमलबाईंनी, मला ताकाच्या मडक्यावर ठेवलं. म्हणजे भावाचा शब्द खरा करायला मला झाकणच केलं. रुख्मिणी रोज मला राखेनं घासायची, नाव लख्ख दिसेल अशी पालथी ठेवायची, आणि घरात कुणी नसलं की माझ्यातच जेवायची. आत्यानं पुन्हा एकदा या घरात येऊन बसावं, याशिवाय तिनं कधी काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

शालिग्रामला मात्र खूप काही हवं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि ते आपल्यालाच घडवायचं आहे, अशा घाईत तो असायचा. गावाला वाचनालय हवं, संडास हवेत, आणि मैदान तर हवंच हवं. जिथे जात विचारली जात नाही आणि बायकांनाही हसता येतं, अशी एक तरी जागा गावात नको का, असं तो विचारायचा. तेही दात घासणाऱ्या माणसाला, नदीवर. माणूस चूळ भरून हो म्हणायचा.

तिकडच्या कॉलेजात पोरं झाडं ठरवून त्यांच्या रोखानं चकत्या फेकत. तो खेळ त्यानं आणला होता. झाडाला टोपलं टांगायचं आणि चकती फेकत फेकत, कमीत कमी फेकीत त्यात घालायची. ना जाळं लागतं, ना बॅट, ना बूट. नेमकं त्याच सुमारास पंचायतीनं गायरान एका व्यापाऱ्याला सरकीची पोती रचायला द्यायचं मनावर घेतलं. शालिग्राम मामांकडे गेला. मामा म्हणाले, “खेळून दाखव बे. पंचायले पटलं तं मैदान तुहं, नाही तं सरकी.”

त्याची अमेरिकेची चकती एव्हाना राहिली नव्हती. पहिल्याच दिवशी ती पंजाबरावांच्या म्हशीपुढे पडली होती आणि म्हशीनं तिला मनापासून चावून पाहिलं होतं. तेव्हा त्यानं गावातून ताटल्या मागवल्या.

इथून पुढे त्याचं शिक्षण कमी पडायला लागलं. त्याच्या मते नवशिक्यानं तीनच चकत्या न्याव्यात : एक लांब जाणारी, एक मधल्या पल्ल्याची, एक अलगद टोपल्यात टाकायची. जास्त नेल्या की माणूस फेकण्याऐवजी निवडण्यातच दमतो, हे तो सगळ्यांना कळवळून सांगायचा. पण ओसरीवर आलेल्या ताटल्यांच्या पाठीवर नावं होती. त्यानं एक हातात तोलून बाजूला ठेवली की दारातली बाई विचारायची, “माह्या भावाची काऊन ठेवली बाजूले?” ती उचलून घेतली की दुसरी विचारायची, तिच्या भावानं काय घोडं मारलं होतं. शालूबाईंनी माहेरचं जड ताट आणलं, शेषरावांनी वडिलांच्या नावाचं. मामांची परात तर विमलबाईंनी स्वतः फळीवरून उतरवली. “पयली हेच फेकजो, बाबू. मामाचा मान हाय,” एवढंच त्या म्हणाल्या.

ताटल्या फेकताना पालथ्या धराव्या लागतात हे कळल्यावर एक नवा घोर लागला. पालथं ताट अशुभ. मग सगळ्या ताटल्यांना हळदकुंकू लावलं आणि तो प्रश्न मिटवला. निवड काही मिटली नाही. शेवटी ज्या माणसानं तीनचा नियम शिकवला, त्यानं एक पोतं आणलं आणि सगळ्याच ताटल्या त्यात भरल्या. फक्त मला सोडून.

खेळाच्या दिवशी सकाळी रुख्मिणी त्या पोत्याकडे बघत उभी राहिली.

“एवढं वझं काऊन घेऊन राह्यले?”

“नाही कोणाले म्हणू?”

“माह्या आत्याले म्हटलंच की तुमी.”

जर्मन हलकं असतं, असं काहीतरी तो पुटपुटला. तिनं दशम्यांची दुरडी भरली, ताकावरून मला उचललं, घासून पुसून दुरडीवर झाकलं आणि दुरडी त्याच्या हातात दिली. अशी मी गेले. खेळाडू म्हणून नाही, जेवणाचं झाकण म्हणून.

गायरानात गाव लोटलं होतं. पंच सावलीत खुर्च्यांवर, बायका बोरीखाली. बोरीला, बाभळीला आणि या निंबाला टोपली टांगली होती. शालिग्रामनं एक छोटंसं भाषण केलं. त्यात नवं राज्य होतं, निरोगी शरीर होतं आणि बंधुभाव होता. मग त्यानं दोन्ही हातांनी मामांची परात उचलली, कमरेतून गिरकी घेतली आणि सोडली.

परात उडाली नाही. ती काठावर पडली, उभी राहिली आणि उतारावरून गडगडत थेट पंचांकडे निघाली. एवढ्या तातडीनं पंचायत उठलेली गावानं कधी पाहिली नव्हती. परात मामांच्या रिकाम्या खुर्चीभोवती घरंगळली, जागच्या जागी गरगरली आणि नाव वर करून आडवी झाली.

पुढचं फार लांबवत नाही. पितळ आपटलं की पोचे येतात, आणि पोचा ताटाला आला तरी तो नावाला लागतो. शालूबाईंचं ताट दगडावर आपटलं तशा त्या मैदानात चालत आल्या, ताट पदरानं पुसलं आणि कुणाशी न बोलता घरी घेऊन गेल्या. मग शेषराव आले. मग एकेक करत सगळेच. शालिग्राम एका टोपल्याकडून दुसऱ्याकडे जात होता आणि पोतं हलकं होत होतं. निंबाशी तो पोचला तेव्हा पोत्यात फक्त हळदकुंकू सांडलेलं होतं. एकाही टोपल्यात काही पडलं नव्हतं, आणि सरकीचा व्यापारी बिडी शिलगावून निवांत उभा होता.

शालिग्राम मटकन खाली बसला. भुकेनं असेल किंवा लाजेनं, त्यानं दुरडी पुढे ओढली आणि मला उचललं. बोटं माझ्या पाठीवरच्या टिंबांवरून गेली. त्यानं नाव वाचलं, बोरीखाली उभ्या रुख्मिणीकडे पाहिलं, मग पुन्हा नाव वाचलं. ती इकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तो उठला. यावेळी ना भाषण, ना गिरकी. मनगटाचा एक झटका.

आणि मी उडाले! ताटलीच्या जन्माला येऊन मी जे अनुभवलं, ते परातीच्या सात पिढ्यांना मिळायचं नाही. वळवलेल्या काठाखाली वारा शिरला, त्यानं मला तळहातावर घेतल्यासारखं उचललं. मी गरगरत, चकाकत, कुणाचीही नसल्यासारखी आणि तरी आत्याचीच, सरळ टोपल्याकडे निघाले. हलकं असणं हा काही गुन्हा नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं. मग जोर थोडा जास्त झाला. मी टोपल्यावरून वर गेले, आणखी वर, आणि या बेचक्यात उभी, पाठ गावाकडे करून घट्ट बसले.

गाव वर बघत राहिलं. मग कुणीतरी खालून वाचलं, “आत्या जनकाबाई, धाड.” एवढ्या उंचावर, उन्हात, माझी सगळी टिंबं लखलखत होती.

वामनरावांनी वर पाहिलं. मग खुर्चीजवळ आडव्या पडलेल्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं. “आन पुन्हा माही परात,” ते म्हणाले. शालिग्रामनं पुन्हा फेकली. पुन्हा ती गडगडली. मामांनी कोट काढला आणि स्वतः फेकली. ऊन उतरलं तरी ते फेकतच होते. शेवटी घाम पुसत त्यांनी पंचांना सांगितलं, “माही परात या टोपल्यात पडत नाही तवर हे गायरान कोणाले द्याचं नाही.” पंचांना घरी जायचं होतं. त्यांनी माना डोलावल्या. व्यापाऱ्यानं बिडी विझवली.

शालिग्रामला मैदान मिळालं. रुख्मिणी मात्र झाडाखाली रडवेली उभी होती. आत्यानं दिलेली एवढी एकच वस्तू, तीही हातची गेली. शिवाय ही बातमी धाडला पोचायची ती पोचणारच.

पोचलीही. पुढच्याच बाजारात धाडला कुणीतरी जनकाबाईला सांगितलं की तुमची ताटली सासरच्यांनी झाडावर फेकली. त्या आठवड्यात वांग्यांना पाणी मिळालं नाही. एसटीतून उतरून ती आधी इथे आली, कमरेवर हात ठेवून मला बघितलं, आणि तडक विमलबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मी ते इथून ऐकलं, म्हणजे तिचा आवाज केवढा होता ते समजा.

“माही ताटली झाडावरच टांगाची होती तं लग्नातच सांगाचं होतं, बाई. आहेरात चढाले निसणी बी देल्ली असती मी.”

विमलबाईंनी पदर सावरला. भावाचा मान राखायचा की खरं बोलायचं, हे ठरवायला त्यांना तेवढाच वेळ लागला असावा.

“टांगली नाही वं माय, उडाली ते. आमच्या भावाची परात तं जाग्यावरून हालून नाही राह्यली. या, आत या.”

जनकाबाई म्हणाली, मी भांडायला आलेय, पाणी घ्यायची नाही. रुख्मिणी तांब्या घेऊन समोर उभी राहिली आणि काही केल्या हलेना. मग आत्यानं पाणी घेतलं. पाण्यामागून जेवण झालं, आणि मांडवातलं राहिलेलं जेवण त्या दिवशी पूर्ण झालं. संध्याकाळी शालिग्राम मला काढायला निसणी घेऊन निघाला, तर आत्यानंच अडवलं. म्हणाली, “राहू द्या, जावाईबापू. खाली आली तं पुन्हा ताकावर जाईल.”

आता ती महिन्या-दोन महिन्यांनी येते. माझ्याखाली पोरं, बाया, म्हातारे, सगळे ताटल्या फेकतात. प्रत्येकाकडे तीनच असतात, आणि त्या जर्मनच्या. धाडच्या भांडेवाल्याचं बरं चाललं आहे म्हणे. रोज दिवस कलला की वामनराव परात घेऊन येतात. दंड चांगले भरले आहेत त्यांचे. परात आता गडगडत नाही, उडते. परवा तर टोपल्याच्या काठाला लागून पडली. आत पडली असती तर गायरान गेलंच होतं.

म्हणूनच तुम्हाला एक विनवणी आहे. काल मामा घरी गेल्यावर दोघी बायका इथे आल्या होत्या. आत्यानं खालून दोर ओढून धरला, रुख्मिणी दगडावर चढली, टोपलं हातभर वर सरकवलं आणि गाठ मारली. ही काही पहिली वेळ नव्हती. मग दोघी तोंडाला पदर लावून घराकडे गेल्या. मी सगळं पाहिलं आणि चूप बसले. तुम्ही खाली उभे आहात, मामा आता येतीलच. टोपलं उंच वाटतंय का असं त्यांनी विचारलं, तर आभाळाकडे बघा आणि वारा फार आहे म्हणा.